पिल्लू कुणाजवळ आहे

मुलगी सहा महिन्यांची झाली आणि शिवलीलाचं बी.ए. अडलं. तिनं मानवशास्त्र घेतलं होतं. माणूस कसा घडला, माकडं-वानरं आपल्याला किती जवळची, हे शिकताना ती रमून जायची. पण आता निवेदिता मॅडमनी वर्गाला एक काम दिलं होतं. अक्कलकोट रस्त्यावर एका मठाच्या चिंचांवर वानरांचा कळप होता. तिथं दहा तास बसायचं आणि दर दहा मिनिटांनी लिहायचं, की नवं पिल्लू कुणाजवळ आहे.

भवानी पेठेतल्या घरात याला एकाच माणसाची ना होती. सासूची. नवरा सोमेश टॉवेलच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचा, त्याची तक्रार नव्हती. सासूला, चंद्रव्वाला, शिवलीला अत्ती म्हणायची.

"अंगावरचं लेकरू सोडून आई रानात जाती व्हय?" चंद्रव्वा म्हणाली. "वानरं बगायला?"

शिवलीला वाद घालणाऱ्यांतली नव्हती. तिनं मॅडमना निरोप पाठवला की या वर्षी जमणार नाही, आणि पुस्तकं कपाटावर ठेवून दिली. रात्री जेवताना सोमेशनं अभ्यासाचं विचारलं तेव्हा तिनं कपाटाकडं बोट दाखवलं. चंद्रव्वा ताटातली भाकरी मोडता मोडता त्या पुस्तकांकडं बघत होती.

सकाळी ती नातीला कुंची घालून, पिशवीत पाण्याची बाटली टाकून दारात उभी होती.

"चल. लेकरू माझ्याकडं ऱ्हाईल. भूक लागली की घ्यायला तू हाईसच. पण दहा तास म्हंजे दहाच."

शिवलीलानं वाटेतच मॅडमना येत असल्याचं कळवलं. मठात दोघी पायरीवर बसल्या. समोर कळप चिंचेचा कोवळा पाला खात होता. आठवड्याभराचं काळपट पिल्लू एका मादीच्या पोटाला चिकटलेलं होतं. थोड्या वेळानं दुसरीनं ते ओढून घेतलं आणि पहिली लांबच्या फांदीवर निघून गेली. शिवलीलानं वहीत लिहिलं: आईनं पिल्लू सोडलं.

"काय लिवलंस?" चंद्रव्वानं विचारलं. शिवलीलानं वाचून दाखवलं.

"सोडलं न्हाय. बग की, खायला गेलीय. खाल्लं न्हाय तर दूध कुटनं येईल?"

चंद्रव्वाची नजर पक्की होती. एका मादीचा कान फाटका, एकीची शेपूट आखूड, हे तिनं पहिल्या तासातच हेरलं. एका तरण्या मादीनं पिल्लू उलटं धरलं. ते चिरकायला लागलं तशी आखूड शेपटीची म्हातारी आली, तिनं ते काढून घेतलं, सरळ केलं आणि कुशीत धरलं. पुढं आई परत आली आणि पाजायला बसली. दुपारपर्यंत वहीत निम्म्याहून जास्त वेळा पिल्लू दुसऱ्याच कुणाजवळ होतं.

चंद्रव्वानं नातीची कुंची नीट केली. नात तिच्या मांडीवर झोपली होती.

"सोमेश दोन महिन्यांचा हुता," ती म्हणाली. "मी विड्या वळाया कारखान्यात जायची. शेजारच्या गिरिजाबाईची पोरगी बी अंगावर हुती. ती माझ्या लेकराला बी पाजायची. लोक म्हणायचे, चंद्रव्वानं लेकरू वाऱ्यावर सोडलं. माझ्या सासूनं तर मरंस्तवर ऐकवलं. मग गिरिजाबाईच्या दारात जायची बी मला लाज वाटाया लागली. तवाच ठरवलं, माझ्या सुनंवर ही पाळी येऊ द्यायची न्हाय."

 शिवलीलाला वर्गातलंच आठवलं.

"अत्ती, मॅडम सांगतात, चिंपांझीची आई पहिले काही महिने पिल्लू दुसऱ्याच्या हातात सहसा देतच नाही. पण तिला दुसरं पिल्लू चार-पाच वर्षांनी होतं. माणसाचं लेकरू मोठं व्हायला त्याहून जास्त वर्षं लागतात, आणि तरी आपल्याकडं दोन वर्षांत पाठचं येतं. एकट्या आईला ते झेपलंच नसतं. आजी, मावशी, शेजारीण यांचे हात लागले म्हणून माणूस टिकला, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं."

"म्हंजे गिरिजाबाईनं केलं ते..."

"लई जुनी रीत आहे."

"आन् मी?"

"तुमी खायला गेला होता," शिवलीला म्हणाली. "त्या आईसारख्या. तुमी गेला नसता तर घरात चूल कशी पेटली असती?"

चंद्रव्वानं पदरानं तोंड पुसलं आणि समोर बोट केलं. "लिव. आता फाटक्या कानाचीकडं हाय."

तीन सकाळींत दहा तास भरले. रविवारी चंद्रव्वा शेंगाचटणीचा डबा घेऊन एकटीच बाहेर पडली. गिरिजाबाई आता दोन गल्ल्या पलीकडं लेकाकडं राहत होती. चंद्रव्वा परतली ती दिवेलागणीला. तिकडं काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, पण डबा रिकामा आला नव्हता. गिरिजाबाईनं त्यात लाडू भरून दिले होते.

शिवलीलानं अहवालावर निरीक्षक म्हणून दोन नावं घातली. मॅडमनी वाचून विचारलं, "या चंद्रव्वा कोण? आणखी एक मादी गाभण असल्याचं यात लिहिलंय. वर्गात दुसऱ्या कुणाच्याच हे लक्षात आलं नाही."

"माझ्या सासूबाई."

"त्यांना विचारा, नवं पिल्लू झालं की आणखी पाच तास बसतील का."

शिवलीलानं घरी येऊन विचारलं. चंद्रव्वा नातीला भाताची पेज भरवत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"मंगळवारी नको, बाजार असतो," ती म्हणाली. "बुधवारी जाऊन बगू, पिल्लू झालंय का."