भस्मासुराच्या तोंडाचा खटला

जानरावांनी भस्मासुराचं तोंड केलं की घरची म्हैस दोन दिवस दूध चोरते, असं वच्छलाबाईंनी अमरावतीच्या ऑफिसात बसून वकील विमलबाईंना सांगितलं. पक्षकाराच्या बायकोचं बोलणं अर्धं वजा करून ऐकायची विमलबाईंची जुनी सवय. त्यांनी एकच दिवस धरला.

जानराव अंजनगाव सुर्जीकडचे. एरवी कपाशीवाले, दिवाळीच्या दंडारीत, म्हणजे गावच्या सोंगांच्या नाटकात, भस्मासुर. नवा फोन आला तेव्हा ते नेमके दंडारीच्या तालमीत होते. फोन म्हणाला चेहरा दाखवा. यांनी चढलेला होता तोच दाखवला. एक डोळा कपाळात, दुसरा बंद, खालचा ओठ पार नाकावर. फोनानं तोच खरा मानला. तेव्हापासून बांधावरून नुसता जावयाला फोन लावायचा तरी आधी भस्मासुर व्हावं लागे, आणि शेजारचे मजूर तेवढ्यापुरते विहिरीआड जाऊन बसत.

अकोल्याचे बियाण्याचे व्यापारी सूर्यभानजी शिळं बियाणं नव्या पाकिटात भरतात, याचा व्हिडिओ जानरावांनी गावोगाव पाठवला. सूर्यभानजींनी बदनामीची आणि चोरीछुपे माहिती काढल्याची फिर्याद ठोकली. व्हिडिओ जानरावांना पाठवला होता दुकानातल्याच मुनीम नत्थुजींनी, आणि त्यांचं नाव त्या फोनात होतं. फोन उघडला की नत्थुजींची नोकरी गेली, वर केस लागली.

"मले जेलात टाका, बाई," जानराव म्हणाले होते, "पन त्या मानसानं माह्यावर भरोसा ठेवला. त्याचं नाव नाई निघलं पायजे."

पोलिसांनी फोन जप्त केला आणि आधी तो उघडायचा नंबर मागितला. विमलबाईंनी आडवा हात घातला: नंबर डोक्यात असतो, आणि आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडू नये असं घटनाच सांगते. मग पोलिसांनी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. जानराव देवाच्या फोटोसारखे शांत बसले आणि फोन बंदच राहिला. शेवटी एका शिपायानं गावातून भस्मासुराची बातमी आणली, आणि अकोल्याच्या कोर्टात अर्ज पडला, की आरोपीला ते तोंड करायचा हुकूम व्हावा.

सरकारी वकील गौरांग तरुण आणि तयारीचे. बोटाचा ठसा घेता येतो, रक्त घेता येतं, तसं तोंडही घेता येतं, असं त्यांनी मांडलं. तोंड म्हणजे शरीर. आरोपीनं ते फक्त जरा वाकडं करायचं. विमलबाई म्हणाल्या, देवानं दिलेलं तोंड तुम्ही पाहिलं. आता मागता ते आरोपीनं घडवलेलं. पण जजसाहेबांना त्यात फारसा फरक दिसेना. त्यांनी हुकूम लिहायला पेन उचललं.

तेवढ्यात जानरावांनी हात जोडून बोलायची परवानगी मागितली.

"साहेब, तोंड म्हनजे शरीरच असन, तर वकीलसाहेबाचा फोन माह्यासमोर धरून पाहा."

गौरांग हसले आणि साहेबांच्या होकारानं त्यांनी बंद फोन समोर धरला. जानरावांनी मिशी आत ओढली. गाल बसवले, डावी भुवई गौरांगसारखी उचलली, नाक बारीक केलं. साठीचा माणूस बघता बघता तिशीत आला. डोक्यावरचे केससुद्धा काळे पडल्याचं मागच्या बाकावरचे लोक आजही शपथेवर सांगतात. फोन उघडला. वर गौरांगच्या बायकोचा निरोप: येताना सांबाराची जुडी आणा, काल विसरलात. (वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर.)

कोर्टात टेबलांवरचे फोन पटापट खिशात गेले. जजसाहेबांनी आपला ड्रॉवरमध्ये सारला.

विमलबाईंना आता फार बोलायचं कामच उरलं नाही. "गौरांगसाहेबांचं शरीर तर इथं उभं आहे, साहेब. मग फोन उघडला कशानं? जानरावांच्या विद्येनं. ही विद्या अंगात नाही, मनात असते. आणि मनातलं काढून द्यायची सक्ती करता येत नाही."

साहेबांनी ड्रॉवर नीट लागलाय ना, ते एकदा पाहिलं. मग हुकूम सांगितला: जन्मासोबत आलेलं तोंड पोलिसांनी खुशाल पाहावं; केलेलं तोंड हे आरोपीचं सांगणं आहे, ते सक्तीनं घेता येणार नाही. अर्ज नामंजूर.

सूर्यभानजींनी मात्र हार मानली नव्हती. नत्थुजी दिवसभर त्यांच्याच बाजूला कागदांची पिशवी धरून बसले होते, आणि त्यांच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती. दाराशी सूर्यभानजींनी जानरावांना अडवलं आणि नत्थुजींना खांद्याला धरून एकदम पुढं केलं.

"याले वयखता का?"

नत्थुजी पिशवीतले कागद सारखे करायला लागले. जानरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. बस फलाटाला लागेपर्यंत शेजारच्या अनोळखी प्रवाशाकडे पाहावं, तितकंच. ना ओठ हलला, ना पापणी.

"नाई बा. कोनाकडचे पाव्हने?"

नत्थुजींनी दर्यापूरकडचा, असं कसंबसं सांगितलं. जानरावांनी विचारलं, तिकडं बोंडअळी कितीक हाय यंदा. उत्तर पुरतं न ऐकताच ते चपला शोधायला लागले.

सगळं माहीत असून विमलबाईंना घटकाभर वाटलं, हे दोघं आजच पहिल्यांदा भेटले. सूर्यभानजींनी नत्थुजींचा खांदा सोडला, उगाच उशीर करतो म्हणून त्यांच्यावर खेकसले, आणि उद्या सकाळी दुकान लवकर उघडायला सांगून गाडीकडे निघाले.