मोगरीला छावणीत न्यायचं होतं

रांजणाच्या तळाला तांब्या खर्रकन घासला आणि दुपारची शांतता मोडली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खांद्यापर्यंत हात रांजणात घालून उरलंसुरलं पाणी काढत होत्या. अर्धा तांब्या निघालं. स्वतः प्यायल्या नाहीत, माझ्या छबूलाही दिलं नाही. चाचपडत अंगणात गेल्या आणि मोगरीच्या तोंडाखाली धरलं.

मोगरी आमची कालवड. तिची आई आष्टीच्या बाजारात विकावी लागली तेव्हा ही एवढीशी होती. आत्याबाईंनी बोटानं दूध चाटवून तिला जगवली. आता मोतीबिंदूमुळं त्यांना माणसं नीट दिसत नाहीत, पण मोगरी कुठं उभी आहे ते बरोबर कळतं.

गावात कडब्याची पेंढी उरली नव्हती. टँकर येईल तेव्हा खरा. कडा गावाच्या अलीकडं सहकारी संस्थेनं चारा छावणी उघडली होती. तिथं ओला चारा होता, हौदात पाणी होतं. संस्थेचे सुंदरराव आमच्या ह्यांना म्हणाले होते, "सोमवारपर्यंत जनावर आणा. एकदा दावण भरली की माझ्याबी हातात काय न्हाई."

मोगरीच्या पायात तेवढं चालायचा जीव राहिला नव्हता. आणि दारातली गाडी चालत नव्हती. भाजीच्या भाड्यासाठी ह्यांनी नगरकडून जुनी पिकअप आणली होती. भाजीच पिकेना, म्हणून ती उभीच. रोज सकाळी बॅटरी उतरलेली. चावी फिरवली की नुसतं टकटक. चार जणांनी ढकलून सुरू केली, तर फाट्यापर्यंत जाईस्तोवर काटा लाल रेघेवर आणि बोनेटमधून वाफ.

"आय, गाडीला ताप आलाय," छबू म्हणायची. गाडीच्या दाराला हात लावून बघायची, मी तिच्या कपाळाला लावते तसा.

शनिवारी कड्याहून आसाराम फिटर आला. ह्यांच्या शाळेतला सोबती.

"काय बे उत्तरेश्वर, गाडी घेतलीस का पाळणा? रोज आख्खं गाव झोका देतंय म्हणं."

"बॅटरी नवी हाय, तरी सकाळपर्यंत उतरतीय. तू हसण्यापरीस बघ तरी."

आसारामनं बॅटरीची एक वायर सोडवली आणि मधे छोटा बल्ब जोडला. बल्ब लागला.

"आता सांग. गाडी बंद, चावी तुझ्या खिशात, मंग ह्यो कावून लागला? कुणीतरी गुपचूप करंट पितंय."

त्यानं एकेक फ्यूज उपसून पाहिला. बल्ब तसाच. घाम पुसत तो सीटवर टेकला आणि समोर बघत राहिला. समोर काचेपाशी नारायणगडावरून आणलेला देवाचा फोटो होता आणि फोटोभोवती लाल-हिरव्या बल्बांची माळ. आत्याबाईंच्याच हट्टानं ह्यांनी ती थेट बॅटरीला जोडली होती, देवापुढचं कधी विझू नये म्हणून. येताजाता ती आम्हा सगळ्यांना दिसायची. पण देवाच्या दिव्यावर कोण संशय घेणार?

आसारामनं जीभ चावली. "मावशी, राग मानू नका. तुमचा देव बॅटरी खातोय."

आम्ही आत्याबाईंकडं बघितलं. मग आत्याबाईच हसल्या. "खाऊ दे की मेल्या. एवढ्या गावात त्यालाच तर पोटभर मिळतंय."

"माळ चावीवर जोडून देतो. गाडी जागी, तर देव जागा."

"आन् गाडी झोपल्यावर?"

"त्योबी झोपल. दमला आसल की आता."

कितीतरी दिवसांनी आमच्या अंगणात हसू आलं होतं.

मग त्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं आणि आत बोट फिरवलं. बोट पांढरं-तांबडं होऊन आलं. "बोअरचं पाणी वततोस ना? क्षारानं नळ्या बसल्यात समद्या." धुवायला दोन हंडे पाणी लागलं. ते तांबडं पाणी मातीत जिरताना आत्याबाई तोंड फिरवून बसल्या. मग आसारामनं इंजिन गार ठेवणारं कूलंट भरलं. हिरवंगार, सरबतासारखं. "खालचा पाईप मऊ पडलाय. नवा पाठवतो, तूच बसव. कूलंट घमेल्यात काढ आन् तेच परत वत. महागाचं हाय, सांडू नको."

रविवारी पाईप आला. ह्यांनी गाडीखाली घमेलं सरकवून कूलंट काढलं. पण पाईपाची क्लिप ढिली निघाली. ती आणायला हे फाट्यावर गेले. तेवढ्यात टँकर आला म्हणून हाकाटी झाली. मी हंडा उचलला, छबूला आजीजवळ बसवलं आणि पळाले.

भरला हंडा घेऊन आले, तर मोगरी रिकामं घमेलं चाटत होती. आत्याबाई तिच्या मानेवरून हात फिरवत होत्या.

"बघ गं पोरी, लई दिवसांनी पोटभर पेली. कुणी ठिवलं व्हतं गं गाडीखाली पाणी? म्या म्हणलं, आधी हिला."

मोगरीच्या हनुवटीचे केस हिरवे झाले होते.

हे आले. त्यांनी घमेलं बघितलं, मोगरीकडं बघितलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काय हुत न्हाई. पातळच व्हतं." पण घमेलं उचलून त्यांनी मोगरीपासून लांब नेऊन ठेवलं.

दिवस मावळायच्या आत मोगरी झिंगल्यासारखी झुलायला लागली. ह्यांनी जनावराच्या डॉक्टरांना फोन लावला. मी कान लावून उभी होते. ते जनावराला गोड लागतं, डॉक्टर म्हणाले. पोटात गेलं की मूत्रपिंडं जातात. आता येऊनही फार काही हातात नाही.

तरी ते सकाळी आले. सुई दिली आणि मान हलवून गेले. सोमवारी दुपारी मोगरीनं पाय ताणले.

ह्यांनी नवा पाईप बसवला. कूलंट उरलं नव्हतं, म्हणून माझ्या हंड्यातलं पाणी ओतलं. चावी फिरवली, तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. काटा कुठं वर गेला नाही. छावणीच्या रस्त्याला न लागता ती गावाबाहेरच्या माळाकडं वळली. मागं मोगरी होती, तिच्यावर आमचं गोणपाट.

आत्याबाईंना आम्ही मोगरीला ऊन लागल्याचं सांगितलं. तसं सांगायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं नव्हतं. ह्यांनी सांगितलं, मी गप्प राहिले.

संध्याकाळी आत्याबाई उंबऱ्याला टेकून बसल्या होत्या. डोळे कोरडे.

"एक बरं झालं बघ," त्या म्हणाल्या. "तहानलेली न्हाई गेली. माझ्या हातचं पोटभर पिऊन गेली."

मी चुलीकडं तोंड केलं. छबूनं सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं नव्हतं. मी तिला जवळ ओढली, केस मागं सारले आणि फुलपात्र तिच्या ओठांना लावलं. तिनं दात घट्ट मिटले.

"पी गं बाळा. ओठ सुकलेत बघ."

तिनं दोन्ही हातांनी फुलपात्र दूर ढकललं. थोडं पाणी माझ्या लुगड्यावर सांडलं. आवाज ऐकून आत्याबाईंनी आमच्याकडं मान वळवली.

"काय झालं गं तिला? पाणी कावून पेईना?"

छबूनं आधी आजीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आय, आजीनं मोगरीला पाजलं, तेच पाणी हाय का ह्ये?"