जेडचं म्हणणं

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या हॉस्पिटलमधल्या लॅबमधून रिटायर झाल्यावर, २००४ साली, सुप्रभाने एक काम विनामोबदला पत्करलं: आई-वडिलांपासून दूर, फॉस्टर घरात, म्हणजे सरकारने सोपवलेल्या दुसऱ्या कुटुंबात, राहणाऱ्या मुलांचं म्हणणं मांडण्याचं. ट्रेनिंगमध्ये बजावलं होतं, मुलाचं भलं कशात ते जज्ज ठरवतील. तुम्ही फक्त मूल काय म्हणतं तेवढं सांगायचं.

पहिलीच केस दहा वर्षांच्या जेडची. ती फॉस्टर आई मॉरीनकडे राहायची. मॉरीन प्रेमळ, घर उबदार, मागे बाग. जेडची थोरली बहीण स्टेसी डर्बीत बेकरीत कामाला, एका खोलीत राहणारी. जेडला माझ्याकडे द्या, असा तिने कोर्टात अर्ज केला होता.

सुरुवातीच्या भेटींत जेड या विषयावर बोललीच नाही. सुप्रभानेही खोदून विचारलं नाही. दोघी भारतीय दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडवर जिलबी खायच्या आणि बसने परतायच्या. एकदा बसमध्येच जेड म्हणाली, "मला स्टेसीकडे जायचंय. आई उठायची नाही तेव्हा तीच माझी वेणी घालायची."

"मॉरीनकडे काही त्रास होतो का?"

"नाही. ती खूप चांगली आहे. म्हणून तर तिला सांगवत नाही. तू सांगशील?"

रात्री जेवताना सुप्रभाने नवऱ्याला, शशिधरला सांगितलं की मला विचाराल तर पोरीने मॉरीनकडेच राहावं. शशिधर पोळी मोडत म्हणाला, "पण तुला कोणी विचारलंय?"

कोर्टाच्या तारखेआधी सगळ्यांची मीटिंग झाली. मॉरीन समोरच बसली होती. सुप्रभाने जेडचे शब्द जसेच्या तसे सांगितले, वेणीसकट. पदरचं काही घातलं नाही.

मॉरीन हळूच म्हणाली, "मला ठाऊक होतं. स्टेसीचा फोन आला की ती जिन्यात जाऊन बसते, फोन कुणालाच देत नाही."

कोर्टाने लगेच होकार दिला नाही. आधी शनिवार-रविवार जाऊ दे, म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात स्टेसीला कौन्सिलचा, म्हणजे नगरपालिकेचा, दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला आणि जेड कायमची तिकडे गेली. मॉरीननेच गाडीतून सामान पोचवलं. एकटीने परत यायला नको म्हणून तिने सुप्रभाला सोबत नेलं होतं.

परतताना आपलं घर जवळ आल्यावर मॉरीनने विचारलं, "चहाला थांबशील?"

सुप्रभा थांबली.