जेवढा काळ, तेवढी भिंत

पृथ्वीवर पहिलं फूल उमललं, त्या दिवसापासून वनस्पतींच्या चारित्र्याला उतरती कळा लागली, असा निवाडा नेचेकाकांनी सकाळी चहाच्या टेबलापाशी दिला. निवाडा भारदस्त होता. फक्त तो देताना त्यांच्या दोन्ही हातांत साडूने पाठवलेल्या गुलाबांची फुलदाणी होती आणि काकू म्हणत होत्या, "अहो, तिरकी धरू नका, पाणी सांडतंय."

नेचेकाका जीवाश्मांच्या संग्रहालयात नेचे सांभाळत. नेच्याला ना फूल ना बी. नुसतं पान, तेही आधी गोगलगाईसारखं गुंडाळलेलं. या कुळाने अरण्यं उभारायला हात लावला, चिखलात गाडून घेतलं, कोळसा होऊन दाखवलं, पण कुठे मिरवलं नाही. फुलांचा विभाग साडूकडे, म्हणजे काकूंच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याकडे होता. माणूस उमदा, हसरा, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणारा. थोडक्यात, सहन न होणारा. 'मागून आली नि तिखट झाली' हे काका फुलांबद्दल म्हणतात की त्याच्याबद्दल, हे काकूंनी कधी विचारलं नाही.

त्यातच नवं दालन उघडायचं ठरलं. पहिल्या हिरव्या शेवाळापासून आजच्या बागेपर्यंत वनस्पतींचा सगळा प्रवास एका लांबच लांब भिंतीवर. संचालकबाई म्हणाल्या, फुलं दारातच लावू, लोकांना आवडतात. काकांच्या पोटात असं दुखलं, की ते बैठकीत उभेच राहिले.

"जेवढा काळ, तेवढी भिंत. जो ज्या काळी आला, त्याने त्या मापावर उभं राहायचं. वशिला चालणार नाही."

"मग फुलं कुठे?"

"टोकाला. कालची पोरं ती."

"दादांचं बरोबर आहे," साडू म्हणाला.

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस धड भांडायच्याही उपयोगाचा नव्हता.

काकांनी स्वतः फीत धरून भिंत आखली. नेच्यांना ऐसपैस जागा आली, फुलं पार टोकाला गेली. टोकाला मोठी खिडकी आहे, ऊन आहे आणि बसायला बाक आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा आखणीवर त्यांचीच सही झाली होती.

त्याहून वाईट पुढेच होतं. काकांचा जीव एका शिळेत होता. काळ्याभोर दगडावर हातभर लांबीचा नेचा, टोकाशी अजून उलगडायचा राहिलेला. तरुणपणी त्यांनीच तो खाणीतून आणला होता आणि सुईने कण कण काढत मोकळा केला होता. तो लोकांनी थांबून बघावा, एवढीच त्यांची आयुष्यभराची हाव. मापाप्रमाणे त्या शिळेचा खिळा आला तो इमारतीतल्या एकुलत्या एक स्वच्छतागृहाच्या दाराला लागून.

"दादा, हातभर अलीकडे घ्या," साडू हळूच म्हणाला. "कोणाला कळतंय?"

"हातभर म्हणजे पन्नास लाख वर्षं. इतकी लबाडी नेचा करणार नाही."

लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. काकांनी तो भिंतीला टांगून घेतला.

उद्‌घाटनाला गर्दी लोटली. लोकांनी तीस-पस्तीस कोटी वर्षं न थांबता ओलांडली आणि खिडकीपाशी जाऊन श्वास घेतला. तिथे फोटो निघाले, हशा पिकला, संचालकबाईंनी साडूला गुच्छ दिला. काकूसुद्धा बहिणीशेजारी बाकावर. काका शिळेपाशी एकटे उभे, चेहरा शिळेहून काळा.

मग भाषणं झाली, सरबत झालं. आणि एक बाई शिळेसमोर येऊन थांबल्या. त्यांच्यामागे एक उंच गृहस्थ. मग एक अख्खं कुटुंब. काका बोलू लागले. कोणी हलेना. लोक गंभीरपणे दगडाकडे बघत होते, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होते. ते गृहस्थ तर डोळे मिटून ऐकत होते. काकांना शब्द सुचायला लागले. बोलता बोलता त्यांनी खिडकीकडे पाहिलं. तिथली गर्दी पातळ झाली होती आणि साडू टाचा उंचावून इकडे बघत होता. कसनुसा चेहरा करून.

जळ बाबा, जळ, काका मनात म्हणाले. कोळसा व्हायला वेळ लागतो.

साडू गर्दीतून वाट काढत आला. हातात गुच्छ, कपाळावर घाम. इतक्या वर्षांत काकांना त्याच्याबद्दल प्रथमच माया दाटून आली.

"ये," ते म्हणाले. "लाजू नकोस. टोकापासून बघत ये."

"नंतर बघतो, दादा," साडू कळवळून म्हणाला. "ही फुलं धरा जरा. आणि ही रांग तुमच्या ओळखीची दिसते, तर मला तेवढं पुढे घ्यायला सांगा."