मोडक्या पंख्याचं मूळ

पदूने ‘मोडका पंखा’ शोधला तो साजगावच्या एका कारखान्यात, तेल सांडलेल्या फरशीवर, दुपारी सव्वादोनला. पाय घसरला, हात पालथ्या बादलीवर पडला, बादली फिरली, बादलीबरोबर पदू फिरला आणि थांबला तेव्हा डोकं खाली, पाय वर, आणि वरचा पाय आपला आपण थरथरत होता. सुपरवायझरने धावत येऊन बादलीची चौकशी केली. पदूने मात्र पुढे चार महिने घासून त्या घसरण्याची ब्रेकडान्सची स्टेप बनवली. बादली वगळली, थरथर ठेवली.

याला साक्षीदार एकच, मनोज. त्याच कारखान्यातला, पहिलीपासूनचा मित्र आणि पदूच्या डान्स-क्रूमधला दुसरा. क्रूमध्ये दोघंच होते.

कर्जतच्या स्पर्धेआधी पदूचं मनगट मुरगळलं. मग ठरलं की पहिल्या फेरीत पंखा मनोजने करायचा.

“विचारलं तर माझं नाव सांग रं.”

“मग काय सुपरवायझरचं सांगू?”

परीक्षक म्हणून मुंबईहून रोहिणी मॅडम आल्या होत्या. नाच सुरू होण्याआधी त्यांनी माइकवर नाचाचं मूळ सांगितलं. न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, तिथली गरीब काळी आणि पोर्तो रिकन पोरं, गल्लीतल्या पार्ट्या. गाण्यात नुसता ड्रम वाजतो त्या तुकड्याला म्हणायचं ब्रेक आणि पोरं नाचायची ती त्याच्यावर. कुणी कुंग फूच्या सिनेमातली लाथ आणली, कुणी साल्सातले पाय. “तुम्हीही आपल्या मातीतलं आणा,” त्या म्हणाल्या. “पण दुसऱ्याची स्टेप चोरू नका. यात त्याच्याएवढं पाप नाही.”

पदूची छाती दोन इंच वाढली. अख्ख्या तालुक्यात स्वतःची स्टेप असलेला तो एकटा होता.

मनोजने पंखा केला. मॅडम खुर्चीतून उठल्या. “ही कुठून आली?”

मनोजने पदूकडे पाहिलं. मग मॅडमकडे. “आमच्या गावचा बाल्या नाच हाय ना, गणपतीत गडी फेर धरतात तो? त्याच्यातली. पिढ्यानपिढ्या चालत आलीय.”

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळपर्यंत त्या पंख्याचं रील चार लाख लोकांनी पाहिलं.

“आणि बादली?” पदूने स्टेजमागे त्याची कॉलर धरली.

“अरे, परंपरा म्हटलं की माणसं उभी राहतात. बादली म्हटलं की बसतात.”

गावात बाल्या नाचाची मंडळी चाळीस वर्षं सदूआजोबा चालवत होते. त्यांनी एक शब्द टाकला असता तर विषय संपला असता. म्हणून पदूने त्यांना रील दाखवलं. आजोबांनी ते तीनदा पाहिलं.

“हां. हीच ती.”

“आजोबा, तुमी कधी उलटे झालाव?”

“आमच्या टायमाला सगळेच व्हायचे.”

आठवड्याभरात देवळाच्या सभामंडपात मंडळींचा पंख्याचा सराव सुरू झाला. उलटं होताना कंबर धरलेल्या दोघा गड्यांनी पट्टे बांधले होते. पदूला राहवेना म्हणून त्याने एकाला करून दाखवलं, तर आजोबा म्हणाले, “पाय लई हलतोय तुझा. मूळच्यात एवढा नव्हता.”

उरली आई. त्या दिवशीची तेलकट पँट विमलबाईंनीच धुतली होती. पण कॅमेरा घेऊन माणसं घरी आली, तेव्हा त्यांनीही मान डोलावली.

“आई, तू तेल धुतलंस ना गं?”

“धुतलं की. पन त्यांनी माझ्या आज्याचं विचारलं. माझा आजा नाचायचा.”

“उलटा?”

“आता मेलेल्या माणसाला खोटं पाडू?”

अंतिम फेरी नेरळच्या एका नव्या सोसायटीच्या क्लबहाउसात होती. पदूचं मनगट बरं झालं होतं. तो रिंगणात आला, मोठ्याने म्हणाला, “ही स्टेप माझी हाय, मी शोधलीय,” आणि त्याने पंखा असा केला की याआधी त्यालाही तसा जमला नव्हता.

टाळ्या आल्या नाहीत. रोहिणी मॅडमनी दोन्ही हात लांब करून मगरीच्या जबड्यासारखे एकमेकांवर आपटले. ब्रेकडान्सच्या दुनियेत ही खूण चोराला दाखवतात. “गावाचा ठेवा स्वतःच्या नावावर?” त्या म्हणाल्या.

पदूने उलट्या डोक्यानेच मनोजला शोधलं. मंडळींनी मानाने बांधलेला घुंगरांचा चाळ एका पायात घालून तो रिंगणाच्या कडेला उभा होता. खरं डोळ्यांनी पाहिलेला जगातला एकमेव माणूस. त्याचे हात हळूहळू वर आले. मग जबडा मिटला. बघत तो फरशीकडे होता.

दोघांत मोटरसायकल एकच होती, मनोजची.

“बस रं.”

“तू तिथं होतास, मन्या. कारखान्यात.”

मनोजने बराच वेळ किल्ली फिरवली नाही. “होतो रं. पन बादलीचं आता मला नीट आठवत नाय.”

तो खोटं बोलत असता तर पदूने त्याला तिथंच धरून हाणला असता. पण मनोज खरंच आठवून बघत होता.

पदू कर्जतच्या रस्त्याने चालू लागला. मनोज पहिल्या गिअरमध्ये मागोमाग येत राहिला. त्याच्या पायातला चाळ सोडायचा राहूनच गेला होता. प्रत्येक खड्ड्याला तो वाजायचा, आणि रस्त्यात खड्डे पुष्कळ होते.