टांगलेला झगा

पप्पा गेले तेव्हा त्यांच्या शिलाईच्या दुकानात एकच काम अर्धं राहिलं होतं: एका नवरीचा पांढरा झगा. बाकीची गिऱ्हाइकं आपापलं कापड हळहळत परत घेऊन गेली. ही नवरी मात्र त्यांच्या लेकीला म्हणाली, "तुम्हीच पुरा करा ना, ताई. तुमच्या हाताला त्यांचंच वळण आहे."

एवढ्या एका वाक्यावर लेकीने पुढच्या आयुष्याचा बेत आखला. कॉलेजातली शिकवण्याची नोकरी सोडायची, घरी परत यायचं, आईला सांभाळायचं, दुकान चालवायचं. पप्पांची पाटी उतरू द्यायची नाही.

आईला तिने चहा पिता पिता हे सांगून टाकलं. आई कपात बघत म्हणाली, "विचारलंस?"

"कॉलेजात? आता कळवेनच."

"कॉलेजात नाही गं."

त्या घरात या प्रश्नाचा अर्थ एकच होता. पप्पा देवाला विचारल्याशिवाय काही करत नसत, आणि विचारलं की थांबत. नवं मशीन असो, लेकीला शिकायला दूर पाठवणं असो, गोष्ट एकदा प्रार्थनेत गेली की बाहेर कधी येईल याचा नेम नसे. आत्या चिडवायची, "दादा, तुझ्या देवाकडे कचेरीपेक्षा मोठी रांग आहे. लग्नाला होकार द्यायला एवढा वेळ लावलास! वहिनी दुसऱ्याच्या शेजारी वेदीपुढे उभी राहिली असती म्हणजे?"

"बरं झालं असतं, सुटले असते!" आई आतून ओरडायची. पप्पा तोंडातल्या टाचण्या न काढता हसायचे.

लेक कॉलेजात गेली, चार पुस्तकं वाचली, आणि एकदा म्हणालीच, "देवाने डोकं काय टोपी ठेवायला दिलंय, पप्पा?"

"वापरावं की डोकं," पप्पा म्हणाले. "मी कापड दोनदा मोजतो. पण मोजणारा मीच आहे, चुकणारा माणूस, हे विसरत नाही."

आता लेक प्रार्थना करत नव्हती असं नाही. रोज करत होती. 'प्रभू, हे सगळं पेलायची ताकद दे.'

झग्याचा घेर उरेब कापलेला होता, म्हणजे तिरक्या धाग्यावर. असं कापड आपल्याच भाराने खाली उतरतं, आणि सगळीकडे सारखं उतरत नाही. म्हणून पप्पा झगा शिवून झाला की रात्रभर टांगत आणि मगच खालची कड कापत. लेकीला हे माहीत होतं. तरी दुपारी शिवण संपताच झगा पुतळ्यावर चढवला, जमिनीपासून पट्टी लावून खडूने रेघ मारली, आणि ती इतकी सुरेख सरळ आली की तिने कात्री उचलली. हे एकदाचं पुरं झालं की आपलंही ठरलं.

"आजच कापतेस?" आई दारात उभी होती.

लेक ओशाळली. कात्री ठेवून, झगा टांगून पप्पांच्या स्टुलावर बसली. इस्त्रीच्या वाफेचा आणि मशीनच्या तेलाचा वास अजून तसाच होता. लहानपणी ती याच टेबलाखाली चिंध्यांचे संसार मांडून बसायची. वर झगा टांगलेला असला की पप्पा गुडघ्यांवर हात ठेवून नुसते बसत.

"पप्पा, काय करताय?"

"काही नाही. आता माझं काम नाही."

लेकीने डोळे मिटले. रोजची प्रार्थना सुरू केली आणि मध्येच अडखळली. इतके दिवस ती देवाला विचारत नव्हती, कळवत होती. मग ती हळूच म्हणाली, "मला नको असलेलं असेल, तरी सांग." कुठूनही आवाज आला नाही. निवणारी इस्त्री तेवढी टिकटिकत होती.

सकाळी झगा पुन्हा पुतळ्यावर चढवून पाहिलं तर खडूची रेघ एका अंगाला चांगली बोटभर खाली आली होती. काल ती बरोबरच होती, यात शंका नव्हती. लेक त्या रेघेकडे बघत राहिली. मागे आई येऊन उभी राहिली तेव्हा, ठरवलेलं नसताना, तिच्या तोंडून गेलं, "आई, तुला काय हवंय?"

आई स्टुलावर टेकली. "मला मावशीकडे जायचंय. तीही एकटीच आहे. तू एवढं ठरवून आलीस, मग कोणत्या तोंडाने बोलायचं?"

"आणि पप्पांचं दुकान?"

"मी रोज दार उघडते आणि मशीनचा आवाज येईल म्हणून कान देऊन बसते. मला नाही सोसत गं."

लेकीला ते लागलं. आईसाठी परत येतेय, असं ती सगळ्यांना सांगत होती. खरं तर तिला टेबलाखाली परत जायचं होतं.

"मग मी काय करू?"

"मला काय ठाऊक? मी का देव आहे?" दोघी हसल्या, आणि हसता हसता आईला रडू फुटलं. लेकीने तिला जवळ घेतलं.

"मावशीला फोन लावू?"

"लाव. पण बोलणार मी. तू लगेच वेळापत्रक सांगायला लागशील."

लेकीने फोन लावून दिला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. आतून आईचं "अगं, ऐक तर" ऐकू येत होतं. दुकानाचं काय करायचं ते तिला अजून कळलं नव्हतं. ते तिने डोळे मिटून विचारलं, आणि बसून राहिली.