खालचा सूर तोडू नका

मी गिटार बोलतेय. बोलतेय कसली, खडखडतेय! मान मोडलीय, पोट फुटलंय, तारा लोंबताहेत. ज्या हातांनी उभं आयुष्य मला कुशीत घेतलं, त्यांनीच मला आपटलं.

आमचे बाबा गिटार शिकवायचे. महा तापट! सूर चुकला की शिष्याच्या बोटांवर पट्टी बसलीच म्हणून समजा. त्यांना न घाबरणारी एकटी आई. तिला गाता येत नसे. बाबा वाजवायला लागले की ती एकच खालचा सूर गुणगुणायची. वर गाणं कुठंही भटको, ही बया सूर सोडायची नाही. ती गेल्यावर बाबांनी त्यावरच धून बांधली. वर बोटं धावतात, खाली अंगठा तिचा सूर धरतो.

हल्ली बाबांची बोटं आखडू लागली. धून कुठंच लिहिलेली नव्हती. बोटं थांबली की तीही संपणार. मुलगा म्हणाला, “तुम्ही वाजवा, मी कॉम्प्युटरवर लिहून घेतो.”

पोरानं जीव ओतला हो! पण वरचे-खालचे सगळे सूर एकाच रांगेत कोंबले. मग काय, वरचा नवा सूर आला की खालचा तिथंच तुटायचा. त्यानं हौसेनं ते कॉम्प्युटरवरच वाजवून दाखवलं आणि बाबांचं डोकं फिरलं.

“गळा घोटलास तिचा! आईचा गळा घोटलास!”

त्यांनी माझी मान धरून मला फिरवलं. पहिला घाव पोराच्या कपाळावर, दुसरा टेबलावर. माझं पोट कडाडून फुटलं. कीबोर्डवर रक्त ठिबकलं.

“मारा हवं तर! पण चुकलं काय ते सांगा!” पोरगा ओरडला.

बाबांनी टेबलावर दाणकन मूठ आपटली आणि तिथंच दाबून धरली. दुसऱ्या हाताची बोटं शेजारी थडाथडा बडवली. “ही मूठ उचलली का मी? वर नाचू दे काय नाचायचं ते, ही हलणार नाही!”

पोराच्या डोक्यात प्रकाश पडला. बाहीनं रक्त पुसून त्यानं खालचे सूर निराळे काढले. पडद्यावर वरच्या सुरांच्या खुणांना दांड्या वर, खालच्यांना खाली, दोघांची मोजणी वेगळी. पुन्हा वाजवलं. वर सूर धावत राहिले, खाली आई आपला सूर धरून राहिली.

बाबांनी हात उचलला. पोरगा दचकून मागं सरला. हात माझ्या फुटक्या पोटावर येऊन टेकला. “पुन्हा लाव,” बाबा म्हणाले.

पोराच्या कपाळावर आता टाके आहेत. बाबांना मी माफ केलेलं नाही. ती धून यापुढे दुसरीच कुणी गिटार वाजवेल. तिला एवढंच सांगते: बाई गं, वर कितीही धिंगाणा होऊ दे, अंगठ्याखालचा सूर मरू देऊ नकोस. त्याच्यापायी मी मार खाल्लाय.